लेकीला घरीच शिकवायचं म्हणतेस?

मला ताई म्हणतेस, म्हणून मोकळेपणाने बोलते. पुण्यातलं बिऱ्हाड हलवून तुम्ही गुहागरला आलात. नवऱ्याचं ऑफिस लॅपटॉपवर चालतं, सासऱ्यांच्या आगरात लक्ष घालायचा दोघांचा मानस आहे, आणि आठ वर्षांच्या लेकीला इथल्या शाळेत घालायचं की घरीच शिकवायचं, हा प्रश्न तुला झोपू देत नाही. सासूबाई म्हणतात, पोरीचं नुकसान करू नका. पुण्याच्या मैत्रिणी म्हणतात, शाळेत आता शिकवतातच काय? मी या दोन्हींतलं काहीच म्हणणार नाही. इतकी वर्षं मुलांच्या शिकवण्या घेतल्यावर एवढं मात्र मला पक्कं कळलंय की घरी शिकवायला निघालेली घरं अभ्यासक्रमापाशी अडत नाहीत. पुस्तकं मिळतात, शिकवणारे मिळतात. ती अडतात ‘आपल्या घरात यश कशाला म्हणायचं’ या प्रश्नापाशी, कारण तो कुणी बसून सोडवलेलाच नसतो. आज त्याबद्दलच बोलू या.

आधी एक भीती काढून टाक. हे खूळ परदेशातून आलंय, असं तुला कुणी ना कुणी ऐकवणारच. पण आपल्याकडच्या पहिल्या शिकलेल्या बायका आठव. सावित्रीबाई फुल्यांना अक्षरओळख घरी जोतीरावांकडून झाली. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, आणि विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या विद्वानांनी त्या मुलीला ‘पंडिता’ म्हटलं. रमाबाई रानडे लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. नवऱ्याने, न्यायमूर्ती रानड्यांनी, घरीच धडे दिले. आणि पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. घरात शिकलेल्या या तिघीजणी घरात बसून राहिल्या नाहीत. सावित्रीबाई १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या, पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं केलं. घरच्या शिक्षणाचं याहून मोठं यश मला तरी दाखवता येणार नाही. चार भिंतींत मिळालेलं त्यांनी भिंतीबाहेर वाटलं. तू लेकीला घरी शिकवलंस, तर तुझंही लक्ष शेवटी तिकडेच असू दे.

आता काळ कसा बदललाय ते बघ. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे घरी शिकवणारी कुटुंबं फार थोडी होती, आणि बहुतेक पुण्या-मुंबईची. शाळेच्या चौकटीबद्दल मनातून पटत नाही म्हणून त्यांनी ही वाट धरलेली. मग २०२० चा मार्च आला आणि सगळ्याच घरांची शाळा झाली. आठवतंय ना, ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ म्हणत सगळे मोबाइलला चिकटले होते. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांच्यासाठी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची. त्या दिवसांत हजारो आया पहिल्यांदाच रोज मुलाशेजारी वही घेऊन बसल्या. कुणाला कळलं की आपलं मूल एकटं असलं की भराभर शिकतं. कुणाला कळलं की चौथीत असूनही त्याला धड वाचता येत नाही. शाळा उघडल्यावर बहुतेक मुलं परत गेली, काही गेली नाहीत. अमेरिकेतही हेच झालं: तिथल्या जनगणना विभागाच्या पाहणीत घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण २०२० च्या एप्रिल-मेमध्ये ५.४ टक्के होतं, ते ऑक्टोबरपर्यंत ११.१ टक्क्यांवर गेलं. उलट जर्मनीत आजही मुलाला शाळेत पाठवावंच लागतं. तेव्हा जगाचं याबाबतीत एकमत नाही, तू एकटीच गोंधळलेली नाहीस.

मात्र या बदलाबरोबर बाजारही आलाय. ‘होमस्कूलिंग’ या नावाखाली महिन्याच्या फीवर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ विकले जातात. मूल सकाळी नऊ ते दोन पडद्यासमोर, मग वर्कशीट, मग टेस्ट. ती घरात आणून बसवलेली शाळाच झाली, आणि तीही मैदानाशिवाय, मधल्या सुट्टीशिवाय. दुसरा प्रकार मोठ्या मुलांचा. पटावर नाव एका शाळेत, मूल दिवसभर क्लासमध्ये, हजेरी नुसती कागदावर. त्यालाही काही जण बिनदिक्कत घरचं शिक्षण म्हणतात. या दोन्हींपासून लांब राहा. घरी शिकवणं म्हणजे वेळापत्रक आपल्या हातात घेणं. ते पुन्हा दुसऱ्याच्या हातात द्यायचं असेल, तर आपल्या गावातली शाळा काय वाईट आहे?

आता कायद्याचं. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्याच्या दहाव्या कलमात म्हटलंय. पण न केल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. त्यातली सक्ती आहे ती सरकारवर: शाळा देण्याची, मूल शिकतंय हे बघण्याची. घरी शिकवण्याचा उल्लेखच कायद्यात नाही, परवानगीही नाही आणि मनाईही नाही. म्हणून होतं काय, शाळाबाह्य मुलांची पाहणी निघाली की जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी किंवा बाई तुझ्या दारात येतील. ते त्यांचं काम करत असतात. त्यांना ओटीवर बसव, चहा दे, लेकीच्या वह्या दाखव, तिच्याकडून एक पान वाचून घ्यायला सांग. केंद्रप्रमुख किंवा पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी विचारलं तर तेही असंच. लपवाछपवी करायची वेळ आपल्यावर येऊ द्यायची नाही.

आणि कागद जप. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला हा नुसता शाळेचा कागद नसतो. जन्मतारीख, जात, गाव, सगळं त्याच्यावरून पुढे सरकतं. जातीचा दाखला काढताना सगळ्यात आधी तो मागतात. पुण्याच्या शाळेचा दाखला आणि प्रगतिपत्रकं काढून फाइलला लाव, जन्मदाखल्याच्या जादा प्रती ठेव. शाळेच्या पटावर नाव नसलं की शिष्यवृत्ती परीक्षेला बसता येत नाही, शालेय क्रीडा स्पर्धांत उतरता येत नाही, हेही माहीत असू दे. लेक खो-खोत चांगली असेल, तर या एका गोष्टीवरही तुझा निर्णय फिरू शकतो.

पुढे दहावीचं काय, हा सासूबाईंचा प्रश्न खरा आहे. त्याला आज उत्तर आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून चालू आहे. दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय घ्यायचे, त्यांत निदान एक भाषा. वर्षातून दोनदा परीक्षा होते, एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि सगळे विषय एका दमात द्यावे लागत नाहीत. माध्यमांत मराठीही आहे. त्याखाली तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत. महाराष्ट्राचंही राज्य मुक्त विद्यालय मंडळ २०१७ मध्ये स्थापन झालं, तिथे पाचवी आणि आठवीलाही बसता येतं. आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी-बारावी बाहेरून देण्याची सोय तर आपल्या आई-वडिलांच्या काळापासूनची आहे. यांतलं काय घ्यायचं ते आज ठरवू नकोस, पण परीक्षा केंद्र चिपळूणला मिळेल की रत्नागिरीला, प्रात्यक्षिकं कुठे करायची, हे तिच्या बाराव्या वर्षापर्यंत विचारून ठेव. गुहागरहून सकाळची एसटी पकडून पेपर गाठणं तुला वाटतं तेवढं सोपं नाही.

आता मुद्द्याचं बोलते. यश.

आपल्या कोकणात परीक्षेतलं यश कुणाला नवीन नाही. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. शंभरातली नव्व्याण्णव मुलं पास होतात, तिथे पास होण्याने कुणाचं काय मोजलं जाणार? आणि त्यानंतर ती जातात कुठे? मुंबईला. पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे यश म्हणजे गाव सोडणं. महर्षी कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. शिकायचं तर घर सोडायचं, हे कोकणी माणसाच्या हाडात भिनलंय. तुम्ही उलट्या दिशेने आलात. मग तुमच्या घरातली यशाची व्याख्याही तुम्हालाच नव्याने करावी लागणार, ती कुणी आयती देणार नाही.

मला माहितीये, तुझ्या मनात मालविका जोशी आहे. ती कुणाच्या मनात नसते? मुंबईची मुलगी, आईने सातवीत शाळेतून काढलं, घरीच शिकली, संगणक प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवलं, आणि दहावी-बारावीचं प्रमाणपत्र हाती नसताना २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. फार मोठं काम आहे ते, त्या मुलीचं आणि तिच्या आईचंही. पण ही गोष्ट सांगताना लोक मधला भाग गाळतात. बारावीचा कागद नव्हता म्हणून आयआयटीचं दार तिला बंद होतं. आपल्या देशात चेन्नईच्या गणित संस्थेने तिला घेतलं, कारण तिची तयारी फार पुढची होती. शिवाय आईने नोकरी सोडून सगळा वेळ दिला होता. तेव्हा या गोष्टीतून दोन गोष्टी घे. मुलाला एखाद्या विषयाची ओढ लागली की त्याला मोकळा वेळ देणं, हे घरच्या शिक्षणाचं सगळ्यात मोठं बळ आहे. आणि असं पदक हाताशी नसणाऱ्या मुलासाठी कागद हवाच. एमआयटीला आपल्या घराची फूटपट्टी करू नकोस. त्या फूटपट्टीने मोजलेली नव्व्याण्णव घरं विनाकारण हरलेली ठरतात.

मग मोजायचं कशाने? मी तुला किनाऱ्यावरचंच एक दाखवते. नोव्हेंबरपासून गुहागरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये मंडणगडच्या वेळासमधून ज्या कामाला सुरुवात केली, ते आता आपल्याकडेही रुजलंय. पहाटे कासवमित्र किनाऱ्याने चालत जातात. वाळूत मादीच्या वल्ह्यासारख्या पायांचा माग दिसला की काठीने हलकेच चाचपून खड्डा शोधतात, अंडी एकेक करून मोजतात आणि कुंपणाच्या आत तेवढाच खोल, तसाच सुरईसारखा खड्डा खणून त्यात ठेवतात. वर पाटी: तारीख, अंड्यांची संख्या. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. कासवमित्रांना विचारून लेकीला तिथे ने आणि वही दे. तारीख लिहू दे, रोजचं ऊन-थंडी टिपू दे. समज, १२० अंड्यांतून ७८ पिल्लं निघाली, तर आज ती वजाबाकी करेल आणि तीन वर्षांनी त्याच वहीवरून शेकडेवारी काढेल. वाळू किती तापते त्यावर नर जास्त की माद्या जास्त हे ठरतं, हे कळल्यावर ती हवामानाकडे वेगळ्या नजरेने बघेल. अडली की कासवमित्रांनाच विचारेल, आणि ज्यांनी कदाचित शाळा लवकर सोडली त्यांच्याकडून शिकायला तिला कमीपणा वाटणार नाही.

या वहीत मला यश दिसतं. तिला स्वतःहून प्रश्न पडला का? उत्तर शोधायला ती पुस्तकाकडे आणि माणसाकडे, दोन्हीकडे गेली का? हातात घेतलेलं काम दोन महिने टिकवलं का? झालेलं नीट मराठीत लिहून दुसऱ्याला सांगता आलं का? वर्षाच्या शेवटी या प्रश्नांची उत्तरं ‘हो’कडे झुकत असतील, तर तुझं बरं चाललंय. शेजारचा मुलगा कितवा आला, ते विचारायची मग गरज राहत नाही.

पण एक गोष्ट घर कितीही झालं तरी देऊ शकत नाही, आणि ती मी तुला स्पष्टच सांगणार. आपल्या शाळेच्या एका बाकावर असगोलीच्या मच्छीमाराची पोर, वरच्या वाडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, बाजारपेठेतल्या दुकानदाराची लेक आणि मोहल्ल्यातली मुलगी शेजारी-शेजारी बसतात, डब्यातलं वाटून खातात, भांडतात, मिटवतात. घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचे गट बनतात, ते चांगलेही असतात, पण बहुतेक एकाच थरातले, एकाच भाषेत बोलणारे, एकसारखी पुस्तकं वाचणारे. लेकीची दुनिया तेवढीच राहिली तर ती हुशार होईल, पण गावाला परकी राहील. तुम्ही इथे राहायला आलात ना? मग तिला हे गाव मिळायला हवं.

शिवाय वाडीतल्या छोट्या शाळेचाही विचार कर. पटावर शिक्षकांची पदं ठरतात, संचमान्यता म्हणतात तिला. पट दहा-बाराचा असेल तर दोन मुलं कमी होणंही तिथे जाणवतं. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचा विचार सरकारने २०२३ मध्ये बोलून दाखवला, तेव्हा कोकणातल्या वाड्या-वाड्यांत केवढी घालमेल झाली ते मी पाहिलंय. ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही, आईला शिकवता येत नाही, त्यांना ती एकच शाळा आहे. म्हणून मी एक मधली वाट सुचवते. पहिलं वर्ष लेकीला जवळच्या मराठी शाळेत घाल. गृहपाठाचा आणि क्लासचा फास लावून घेऊ नकोस. शाळा सुटल्यावरचा वेळ, शनिवार दुपार, रविवार आणि मे महिना पूर्ण तुझा. किनारा, आगर, पाटाचं पाणी, शेकड्यावर मोजले जाणारे नारळ, अंजनवेलचा गोपाळगड, सगळं त्या वेळात शिकव. आठवड्यातून एक संध्याकाळ अंगणात वाडीतली मुलं बोलावून गोष्टीची पुस्तकं वाच. तुझी लेक घरीही शिकेल आणि शाळेतही, आणि तुझ्या घरचं थोडं इतरांनाही मिळेल.

हे करून बघितल्यावरही वाटलं की नाही, तिला शाळेत खरंच त्रास होतोय, किंवा तिची गतीच वेगळी आहे, तर बिनधास्त घरी शिकव. अक्षरं उलटीसुलटी दिसणाऱ्या, चारचौघांत गांगरणाऱ्या किती मुलांना घरचा निवांतपणा मानवतो, ते मी शिकवणीत रोज बघते. फक्त दोन गोष्टी सांभाळ.

पहिली, तू स्वतः. घरी शिकवायचं ठरलं की शंभरातल्या नव्वद घरांत ते आईच्या अंगावर येतं. स्वयंपाक, आगर, सासू-सासऱ्यांची औषधं, आणि वर शाळा. नवऱ्याच्या मीटिंगा असतात आणि तुझं काम मात्र ‘घरीच तर असतेस’ म्हणून मोजलं जात नाही. सुरुवात करायच्या आधीच दोघांनी वाटणी करा: गणित आणि पोहणं त्याच्याकडे, भाषा आणि इतिहास तुझ्याकडे, आगरातलं आजोबांकडे. तुझा स्वतःचा एक तास रोज राखून ठेव. थकलेली, चिडलेली आई हे कुठल्याही मुलासाठी चांगलं शिक्षण नाही, आणि तुझं आयुष्य संपवून मिळालेलं लेकीचं यश मला यश वाटत नाही.

दुसरी, परतीची वाट. दोन वर्षांनी ती म्हणाली, आई, मला शाळेत जायचंय, तर तो तुझा पराभव समजू नकोस. कायद्यानेच तिला वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश मिळतो, मागे पडलेलं भरून काढायला खास मदत मिळण्याचा हक्कही आहे. शाळेतून घरी आणि घरून शाळेत, दोन्हीकडे मूल मोकळ्या मनाने जाऊ शकलं, तर त्या घरात शिक्षण नीट चाललंय असं समज.

आता एक कर. येत्या रविवारी तुम्ही तिघं आणि सासू-सासरे, असे पाचही जण बसा आणि प्रत्येकाने एकेक वाक्य लिहा: ही पोर अठरा वर्षांची झाली की तिला काय यायला हवं? आजोबा लिहितील ते तुला सुचणार नाही, आणि लेक लिहील ते तुम्हा कुणालाच सुचणार नाही. कागदावर तारीख घाल, वर्षाने पुन्हा काढा, पटत नसेल ते खोडा. शाळा की घर, ते त्या कागदावरून ठरवा. आणि निर्णय कुठलाही घे, पण लेकीला विचारल्याशिवाय घेऊ नकोस.